सोंडुली आणि चुलीचा वास

डोंगराच्या उतारावर एक घर होतं. घरात एक चूल. चुलीमागे एक कोपरा. कोपऱ्यात राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव सोंडुली.

सोंडुलीचं अंग एवढंसं. डोळे बारीक. नाक मात्र लांबलचक. नाक हलायचं, सुंई सुंई. पाय चालायचे, तुरुतुरु तुरुतुरु.

घर होतं सगुणामावशीचं. मावशी लेकीच्या गावाला गेली होती. पुष्कळ दिवस झाले, मावशी काही येईना. चूल थंड. कोपरा थंड. सोंडुली एकटी.

मग एकदा सकाळी मावशी आली. तिनं चूल पेटवली. सोंडुली कोपऱ्यात सरकून बसली. आता ऊब येणार.

पण ऊब आली नाही. आला धूर. घरभर धूर. आणि धुराबरोबर वास. आंबट, कोंदट, करपट वास.

मावशी खोकली, खॉक् खॉक्.

शेजारची द्वारकाकाकू दारात आली. तिनं नाकाला पदर लावला.

"सगुणा, वास कसला गं हा?"

"कुणास ठाऊक. मघापासून येतोय."

"तुझ्या चुलीमागं चिचुंद्री आहे ना? तिचाच असणार. हाकल तिला."

मावशीनं केरसुणी घेतली. झप् झप्. सोंडुली दाराबाहेर. दार बंद, धप्प.

सोंडुली अंगणात बसली. तिनं आपलं अंग हुंगलं, सुंई सुंई.

"माझा वास असतो थोडासा. पण हा वास माझा नाही."

तिला फार वाईट वाटलं. मावशीनं तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

भिंतीला एक भोक होतं. भोकातून चूल दिसायची. सोंडुली तिथं गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, ऐक ना.
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू वास घालवतेस का?"

चूल म्हणाली, "वाईट वाटतं गं सोंडुली. पण माझ्या पोटात ओलं लाकूड. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. लाकूड वाळलं, तर वास जाईल."

सोंडुली लाकडाकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु. घरामागे लाकडांचा ढीग होता. गार गार. ओला ओला.

"लाकूडदादा, लाकूडदादा, ऐक ना.
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू वाळतोस का?"

लाकूड म्हणालं, "वाईट वाटतं गं सोंडुली. पण मी सावलीत पडलोय. दव पडतं, मी भिजतो. ऊन पडलं, तर मी वाळेन."

सोंडुली उन्हाकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु. ऊन अंगणापलीकडे पसरलं होतं.

"ऊनदादा, ऊनदादा, ऐक ना.
लाकूड वाळेना,
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू ढिगावर पडतोस का?"

ऊन म्हणालं, "वाईट वाटतं गं सोंडुली. पण मधे आंब्याची फांदी आहे. फांदी हलली, तर मी पडेन."

सोंडुली फांदीखाली गेली, तुरुतुरु तुरुतुरु. मान वर केली. नाक वर केलं.

"फांदीताई, फांदीताई, ऐक ना.
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू हलतेस का?"

फांदी म्हणाली, "वाईट वाटतं गं सोंडुली. पण मी छपराच्या कडेला अडकले. मला सुटता येत नाही. वारा वाहिला, तर मी हलेन."

वारा कुठं होता? अंगणात नव्हता. परसात नव्हता. वारा बसला होता कुंपणापाशी, गप्प गप्प. सोंडुली तिथं गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वारेदादा, वारेदादा, ऐक ना.
फांदी हलेना,
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू वाहतोस का?"

वाऱ्यानं आधी तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाला, "वाईट वाटतं गं सोंडुली. पण मी रुसलोय. मी रोज धुराड्यातून जायचो. धूर घेऊन वर वर जायचो. आता धुराडं बंद. मला कुणी वाट देईना. धुराडं मोकळं झालं, तर मी वाहीन."

आता सोंडुलीचे पाय दुखले. तरी ती गेली. तुरु... तुरु... तुरु. घराच्या भिंतीला लागून उंच धुराडं होतं.

"धुराडेबुवा, धुराडेबुवा, ऐका ना.
वारा वाहेना,
फांदी हलेना,
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तुम्ही मोकळे होता का?"

धुराडं बोललं, पण आवाज दबका आला. तोंडात बोळा असल्यासारखा.

"वाईट वाटतं गं सोंडुली. पण माझ्या तोंडात घरटं आहे. मावशी गावाला गेली, तेव्हा खारूताईनं बांधलं. धूर वर जात नाही, घरातच फिरतो. खारूताईनं घरटं काढलं, तर मी मोकळा होईन."

आंब्याच्या बुंध्याला ढोली होती. ढोलीत खारूताई होती. सोंडुली तिथं गेली, तुरु... तुरु... तुरु.

"खारूताई, खारूताई, ऐक ना.
धुराडं मोकळं होईना,
वारा वाहेना,
फांदी हलेना,
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू घरटं काढतेस का?"

खारूताईनं शेपूट खाली घातली.

"घरटं माझंच गं. आज धूर आला, तशी पिलं उचलली आणि इथं आणली. माझ्यामुळं तुझा कोपरा गेला. वाईट वाटतं गं सोंडुली. पण बघ ना."

ढोलीत दोन पिलं होती. गुलाबी गुलाबी. थरथर थरथर.

"मी इथून उठले, की ही गारठतात. कापूस मिळाला, तर पिलं निजतील. पिलं निजली, तर मी घरटं काढेन."

कापूस कुणाकडे? कापूस मावशीकडे. मावशीच्या उशीत.

सोंडुली जागच्या जागी बसली. मावशीकडे कसं जायचं? मावशीच्या हातात केरसुणी होती. मावशीनं दार लावलं होतं, धप्प.

सोंडुलीनं पिलांकडे पाहिलं. ती उठली. तुरु... तुरु... तुरु.

दार उघडं होतं. मावशी पायरीवर बसली होती. डोळे लाल. परातीत पीठ तसंच. भाकरी झालीच नव्हती.

सोंडुली लांबच थांबली. हळू आवाजात म्हणाली,

"मावशी, मावशी, ऐक ना.
खार घरटं काढेना,
धुराडं मोकळं होईना,
वारा वाहेना,
फांदी हलेना,
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चुलीचा वास जाईना,
माझा उबेचा कोपरा मला मिळेना.
तू कापूस देतेस का?"

मावशीनं सगळं ऐकलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले. डोळ्यांत पाणी धुरानं आलं होतं की कशानं, कोण जाणे.

"तू बाहेर गेलीस," मावशी म्हणाली, "आणि वास घरातच राहिला. तेव्हाच मला कळलं गं. वास तुझा नव्हता. मी उगाच तुला हाकललं. चुकले मी, सोंडुली."

सोंडुली एक पाऊल पुढं आली. तिचं नाक हललं, सुंई सुंई.

मावशी उठली. तिनं उशी उसवली, टर्र टर्र. मऊ मऊ कापूस काढला. स्वतः ढोलीपाशी नेऊन ठेवला.

मग काय झालं?

कापूस मिळाला, पिलं निजली. गुडुप.
पिलं निजली, खारूताई छपरावर गेली. टुणुक टुणुक.
खारूताईनं घरटं काढलं. खर्र खर्र.
घरटं निघालं, धुराडं मोकळं झालं. हाऽऽऽ.
धुराडं मोकळं झालं, वारा वाहिला. सूंऽऽ सूंऽऽ.
वारा वाहिला, फांदी हलली. सळसळ सळसळ.
फांदी हलली, ऊन पडलं. लख्ख लख्ख.
ऊन पडलं, लाकूड वाळू लागलं. आज थोडं. उद्या थोडं. परवा कडकडीत.
लाकूड वाळलं, चूल पेटली. तडतड तडतड.
धूर वर गेला. वास गेला. पार गेला.

मावशीनं चुलीमागचा कोपरा झाडला. तिथं एक मऊ फडकं घातलं. भाकरीचा तुकडा ठेवला.

"ये सोंडुली," ती म्हणाली.

सोंडुली उंबऱ्यापाशी आली. थांबली. मावशीच्या हाताकडे पाहिलं. हातात केरसुणी नव्हती. तरी सोंडुली आत येईना.

मावशीनं घाई केली नाही. ती लांब सरकून बसली. वाट बघत बसली. भाकरी निवली, तरी बसून राहिली.

मग तुरु. मग तुरुतुरु. मग तुरुतुरु तुरुतुरु. सोंडुली कोपऱ्यात गेली. कोपरा उबदार झाला होता. सोंडुलीनं अंगाचा गोळा केला.

तेवढ्यात द्वारकाकाकू आली. दारात उभी राहिली. नाकाचा पदर काढला.

"वास गेला की गं, सगुणा. मी म्हटलं नव्हतं? चिचुंद्रीला हाकललंस, वास गेला."

"नाही गं," मावशी म्हणाली. "तिनं वासाचं कारण शोधलं, म्हणून वास गेला. आपण दोघींनी मात्र तिला विचारलंसुद्धा नाही."

द्वारकाकाकू आत आली. खाली बसली. चुलीमागे वाकून पाहिलं.

"झोपली वाटतं," ती हळूच म्हणाली. "उठली, की मला हाक मार. मलाही तिच्याशी बोलायचंय."

सोंडुली झोपली नव्हती. तिनं सगळं ऐकलं. मग मात्र ती झोपली.

ज्याचं होतं, त्याला पोचलं. गोष्ट आपली इथं निवली.