भरल्या घराची पाटी

मोठ्या लेकीचं पहिलं बाळंतपण अवघड आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी एक नवस बोलले होते. पत्र्याच्या एका पाटीला. "लेक बाळाला घेऊन उंबऱ्याशी आली की तुला दारी लावीन, खणानारळानं तुझी ओटी भरीन." पाटीला कसला नवस, म्हणून पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे. तांबट आळीत ते कुणालाच नवीन नाही.

आळीच्या टोकाला ती बंद इमारत दिसते ना, ती चंद्रमौळी टॉकीज. नावही चंद्रमौळी आणि छपरही चंद्रमौळीच. दुपारच्या खेळाला पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडायचे आणि नायिकेच्या गालावर दोन तीळ जास्तीचे दिसायचे. बंद होऊन बावीस वर्षं झाली. तिकिटाच्या खिडकीत आता पारवे राहतात. पण व्हरांड्यातल्या खुंटीवरची लाल पाटी कुणी हलवलेली नाही. कुंकवानं ती इतकी माखली आहे की खालची इंग्रजी अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात. ती अक्षरं 'हाऊसफुल्ल' अशी आहेत.

सांगतात ते असं. टॉकीजच्या भिंतीला भिंत लावून सगुणाबाई करड्यांचं घर होतं. नवरा तांब्याची भांडी घडवणारा. जन्मभर ठोके ऐकून त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे मन मोकळं करायला सगुणाबाईंना एकच जागा होती, शुक्रवारचा बायकांचा खेळ. तिसरी घंटा झाली की चुलीवरचं उतरवून त्या जनान्यात जाऊन बसायच्या.

एकुलती लेक मथू त्यांनी घाटाखाली वडके मास्तरांच्या घरी दिली. लग्नात घोटाळा झाला. मास्तर जेवायला आले आणि वाढपी म्हणाला, "पंगत भरली, तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसा." वरबापाला जागा नाही! मास्तर उपाशीच माघारी फिरले, सुनेला घेऊन निघाले आणि म्हणाले, "या घरची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि सूनही पाठवणार नाही." पंचमी गेली, दिवाळी गेली. लेकीला आणायला मुराळी पाठवला की तो रिकामा परत यायचा. अशी पाच वर्षं गेली.

त्या पाच वर्षांत सगुणाबाईंनी टॉकीजमध्ये पाऊल टाकलं नाही. देवीपुढं तसं बोलूनच बसल्या होत्या, लेक घरी येईपर्यंत पडदा बघायचा नाही. पण कान कसे बंद करणार? भिंतीपलीकडून सगळी गाणी, सगळी भांडणं त्यांच्या स्वयंपाकघरात यायची. खलनायक हसला की म्हणे त्या पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "हस मेल्या, शेवटी मरणारच आहेस."

खेळ भरला की डोअरकीपर गफूरभाई ती लाल पाटी बाहेर टांगायचे. मालक तिच्यापुढं नारळ फोडायचे, पेढे वाटायचे. एकदा सगुणाबाईंनी विचारलं, "गफूरभाई, एवढं काय लिहिलंय हो तिच्यावर?"

गफूरभाईंना इंग्रजी शब्द तेवढे दोनच येत होते. छाती पुढं काढून म्हणाले, "हाऊस म्हणजे घर, भाभी. फुल्ल म्हणजे भरलेलं. घर भरलं!"

सगुणाबाईंनी तिथंच पाटीला हात जोडले. "आई, माझंही घर भरू दे. मथू आली की तुला माझ्या दारी लावीन."

आणि वर्ष सरायच्या आत घाटाखालून पत्र आलं. मथूला सातवा लागला होता. तिनं सासऱ्यांकडे पहिल्यांदाच तोंड उघडून माहेरी जाऊ द्या म्हटलं होतं. मास्तर स्वतः पोचवायला येणार होते, दारापर्यंत.

त्या दिवशी गफूरभाईंनी पाटी काढून दिली. "तीनच्या खेळाआधी परत द्या हं, भाभी." सगुणाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, आंब्याचे डहाळे बांधले आणि बरोबर चौकटीच्या मधोमध टांगली. मग ओवाळून टाकायचा भाकरतुकडा हातात घेऊन उभ्या राहिल्या.

टांगा आळीत शिरला, दारासमोर थांबला. मास्तरांनी चष्मा सारखा केला. पाटी वाचली. आणि टांगेवाल्याच्या खांद्यावर काठी टेकवली.

"वळव."

टांगा वळलासुद्धा. सगुणाबाई अनवाणी धावल्या, घोड्याच्या लगामालाच हात घातला. "मास्तर, काय झालं? माझं काय चुकलं?"

"काही नाही, बाई. लग्नात तोंडानं सांगितलंत, आता लिहून लावलंत. जागा नाही, माघारी जा!"

सगुणाबाईंच्या हातातला भाकरतुकडा गळून पडला. मथू टांग्यात पदर तोंडाशी धरून बसलेली. पाच वर्षांनी दिसलेली लेक हाताच्या अंतरावरून परत चालली होती. आळीतल्या हातोड्या एकामागून एक थांबल्या. तांबट आळी दिवसाढवळ्या गप्प झाली ती तेव्हाच, असं जुनी माणसं सांगायची.

गफूरभाई धापा टाकत आले. "मास्तर, शिव्या मला द्या, पाटी माझी आहे. पण मला एक सांगा. हाऊस म्हणजे घर की नाही?"

"घर."

"फुल्ल म्हणजे भरलेलं की नाही?"

मास्तरांनी तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलेलं. बरोबर उत्तराला चूक कसं म्हणणार? "शब्द बरोबर आहेत," ते म्हणाले. "अर्थ चुकला."

तेव्हा सगुणाबाई बोलल्या. आळीत आजवर इतकं ठाम कुणी बोललं नाही, असं आम्ही अभिमानानं सांगतो. "मास्तर, मला अक्षरओळख नाही. माझा अर्थ चुकला असेल तर तुम्ही दुरुस्त करा, तुम्ही शिकवणारे आहात. लेक आली की घर भरेल म्हणून मी या पाटीपुढं बोलले होते. पण तुम्ही दारातून उपाशी गेलात तर ते भरलं कसं म्हणू? तुम्ही आत बसलात तरच पाटी खरी होईल. माझं नाही, पाटीचं तरी खोटं पाडू नका."

मास्तर पुन्हा पाटीकडे वळले. मग गफूरभाईंना म्हणाले, "काय हो, ही लागल्यावर आतला माणूस मधेच उठून जातो का?"

"छे! खेळ संपेपर्यंत कोण हलतंय?"

"मग मीही नाही हलत," म्हणत मास्तर टांग्यातून उतरले. मथू हसली की रडली, ते कुणाला कळलं नाही. पहिल्या पंगतीचं पहिलं पान मास्तरांचं मांडलं गेलं, आणि ते नातवाचं बारसं होईपर्यंत हलले नाहीत म्हणे! घाटाखालची शाळा तेवढे दिवस कुणी चालवली, ते मात्र कुणी सांगत नाही.

पाटी काही तीनच्या आधी परत गेली नाही. त्या दुपारी टॉकीजला ही गर्दी लोटली, पण टांगायला पाटीच नाही. गफूरभाईंनी मग कुणालाच माघारी धाडलं नाही, मागच्या भिंतीशी उभं करून घेतलं. पुढल्या शुक्रवारी सगुणाबाई लेकीला घेऊन जनान्यात बसल्या. पडद्यावर नायक आला तशा मोठ्यानं म्हणाल्या, "अगंबाई, हा एवढुसा? आवाजावरून मला ताडमाड वाटला होता!" बायका पुढची दोन गाणी ऐकू शकल्या नाहीत.

तेव्हापासून आळीत नियम पडला, की ज्या दारी ही पाटी, त्या दारातून कुणीही माघारी जायचं नाही. साऱ्या मुलखात जी पाटी माणसाला परत पाठवते, ती आमच्याकडे माणसाला आत घेते. टॉकीज बंद पडली तेव्हा मालकाच्या मुलांनी खुर्च्या नेल्या, मशीन नेलं, पडदाही गुंडाळून नेला. पाटीला हात घातला तशा आळीतल्या बायका व्हरांड्यात येऊन बसल्या. हात मागे घ्यावा लागला.

आजही कुणाची लेक बाळंतपणाला येते, कुणाचा रुसलेला भाऊ परततो, तेव्हा ती पाटी खुंटीवरून निघते आणि त्या दारी लागते. माझी लेक बाळाला घेऊन आली तेव्हा माझ्याही दारी लागली. त्या दिवशी भिकारी येवो, पोस्टमन येवो, जुना वैरी येवो, पान मांडलं जातं.

तुम्ही लांबून आलात, तुमच्या गावी ही पाटी नाही, हे मला ठाऊक आहे. तिची गरजही नाही. घरचं दुरावलेलं माणूस परत येईल त्या दिवशी खडूनं दारावर 'घर भरलं' एवढं लिहा, आणि मग दिवे लागेपर्यंत जो कोणी येईल त्याला आत बोलवा. एवढं माझ्यासाठी कराल ना?