थोरल्या महाराजांचा मशालजी

एका राज्यात, ज्याची वेस अजून कुणी पाहिलेली नाही, थोरले महाराज राज्य करीत होते. त्यांच्या पदरी हजारो दूत. त्या सगळ्यांत देखणा तेजोधर. महाराजांची स्वारी निघाली की मशाल घेऊन पुढे चालायचं, हे त्याचं काम. उजेड महाराजांचा, मशाल महाराजांची, धरणारा हातसुद्धा त्यांनीच दिलेला. पण लोक वाकू लागले की तेजोधराला वाटायचं, हे मलाच वाकताहेत. झालं! गेली डोक्यात हवा. एके दिवशी महाराज दरबारात येण्याआधी हे महाशय सिंहासनावर जाऊन बसले.

महाराजांनी त्याला वाईट घडवलं नव्हतं, हे नीट ऐकून ठेवा. पुढे लोक उगाच महाराजांनाच बोल लावतात.

महाराज आले. तलवार उपसली नाही. एवढंच विचारलं, "तेजोधरा, तू कोणामुळे आहेस?"

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

तेवढ्या शब्दासरशी मशाल विझली, पायाखालची फरशी सरकली आणि तो कोसळला तो थेट पृथ्वीवर. त्याची री ओढणारे दूतही त्याच्या मागोमाग खाली आले. तेव्हापासून त्याचा एकच धंदा. नवं काही घडवणं त्याला जमत नाही, म्हणून महाराजांनी घडवलेलं नासवत फिरायचं.

आता आमचं घंटापूर, घंटा ओतणाऱ्यांचं गाव. आमच्या घंटांचा आवाज सात डोंगर ओलांडून जायचा, आणि हे मी फुगवून सांगत नाही. आमची रीत अशी होती, की नवी घंटा साच्यातून निघाली की ओताऱ्याने चावडीपुढे, सगळ्यांदेखत, तिच्यावरून हात फिरवायचा. कुठे छिद्र राहिलं असेल, तर स्वतः बोट ठेवून म्हणायचं, "हे माझं." कोणी हसायचं नाही. सगळ्यांनी मिळून घंटा पुन्हा वितळवायची. छिद्र नसेल तर गावच्या थोरल्या ओताऱ्याने हात फिरवून शपथ घ्यायची, "घंटा निर्दोष आहे." मगच ती महाराजांच्या नावाने टांगायची.

थोरला ओतारी होता शांतवन. त्याची एकुलती एक लेक रिबका. वयाच्या अठराव्या वर्षी तिने महाघंटा ओतली, जी आजवर एकाही बाईने ओतली नव्हती. घंटा बघायला सात गावं लोटली. पण इकडे अंगणात तिने एकटीने साचा फोडला तर काठाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र!

तेवढ्यात अंगणात एक मेणविक्या आला. गोरा, गोड बोलणारा. तुम्ही ओळखलंत, तिने नाही ओळखलं.

"बाई, एवढ्या लोकांत बापाची मान खाली घालणार?" तो म्हणाला. "बोटभर मेण, चिमूटभर काजळी. कोणाला कळतंय?"

रिबकाने छिद्र बुजवलं. शांतवन तर लेकीच्या कौतुकाने इतका फुलला होता, की त्याने हात फिरवलाच नाही. "घंटा निर्दोष आहे," त्याने शपथ घेतली, आणि त्याची वाचा गेली. महाघंटाही मुकी राहिली.

पुढे काय सांगू? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हात न फिरवताच घंटा डौलात टांगलेली पाहून दुसऱ्यांनीही मेण आणलं. शांतवन मुका, म्हणून आता ज्याची घंटा तोच शपथ घेई. खोटी शपथ घेणाऱ्याची वाचा जाई, आणि ती खोटी आहे हे ओळखून गप्प बसणाऱ्याचीही जाई. वर्ष सरता सरता गाव मुकं झालं. रिबकाला मात्र बोलता येत होतं, कारण तिच्या वाटची शिक्षाही बापालाच भोगावी लागली होती. तिचं कृत्य कोणालाच ठाऊक नव्हतं. बापासमोर जेवायला बसली की ती घास ताटात तसाच ठेवून उठे.

मग एका सकाळी भट्टीच्या कौलावर होला येऊन बसला. पांढरा, कबुतरासारखा पक्षी, महाराजांच्या दरबारातला.

"रिबका," तो म्हणाला, "तुझ्या बापाची, साऱ्या गावाची वाचा डोंगरावरच्या तेजोधराच्या किल्ल्यात, तांब्याच्या हंड्यात आहे. वर्ष भरलं की ती तेजोधराची होईल. वर्ष उद्या दुपारी भरतं."

"मार्गात काय आहे?"

"तीन दारं. तेजोधर दार फोडून कोणाच्या घरात शिरत नाही. आतून कडी आपणच काढावी लागते. एवढं ध्यानात ठेव."

रिबका निघाली ती पहाटे पहिल्या दाराशी पोचली. दारात सिंह. त्याने अशी गर्जना केली की तिची दातखीळ बसायची वेळ आली.

"गर्जना ऐकू नकोस, साखळी बघ," होला म्हणाला. "ती महाराजांच्या लेकाने, युवराजांनी स्वतः घातली. घालताना त्यांच्या तळहातांना झालेल्या जखमांचे वण अजून आहेत."

रिबकाने युवराजांचं नाव घेतलं आणि सिंहाच्या मिशा अंगाला घासतील इतक्या जवळून गेली. साखळी त्याला त्यापुढे एक बोटही येऊ देत नव्हती.

दुसऱ्या दारात तेजोधर उभा होता, शुभ्र वस्त्रांत, हातात उसनी मशाल. "ये, शहाणे," तो म्हणाला. "सारं गाव मुकं, तू एकटी बोलती. म्हणजे तूच श्रेष्ठ. हे सिंहासन तुझं. माझ्यापुढे एकदा मान लववायची, बस्स."

खोटं कशाला सांगू? तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग तिला आपला पोळलेला हात दिसला. हा हात धातूच्या उकळत्या रसापुढे कसा धरायचा, हे बापाने शिकवलेलं, बापाला आजोबाने.

"माझं एकटीचं काही नाही," ती म्हणाली. "तुझं तरी काय आहे?"

त्याच्या हातातली मशाल फडफडली आणि दार उघडलं.

तिसऱ्या दाराआड हंडा होता, आणि न्यायाधीशाचा झगा घालून पुन्हा तोच. "ने हंडा," तो म्हणाला. "पण मेण कोणी लावलं, हे मी चावडीवर सांगेन. बाप तुझं तोंड पाहणार नाही. महाराज हाकलून देतील. नाहीतर हंडा इथेच ठेव. मी गप्प, तूही सुखी."

काय लबाड मेला! आधी पाप करायला लावायचं, मग त्याचाच धाक घालायचा. रिबका रडली, अगदी हुंदके देऊन रडली. हंड्याचं झाकण ओढलं, तर ते निघेना.

"महाराज काय करतील, हे त्याने महाराजांना विचारलंय का?" होला म्हणाला.

रिबकाने डोळे पुसले, हंडा खांद्यावर घेतला आणि धावत सुटली. भर दुपारी गावात पोचली. चावडीपुढे सगळं मुकं गाव जमलं होतं, पुढे शांतवन. ती महाघंटेपाशी गेली, नखाने मेण खरवडलं आणि छिद्रावर बोट ठेवलं.

"हे माझं," ती म्हणाली. "मेण मी लावलं. बाबांना मी फसवलं."

हंड्याचं झाकण उडालं आणि साऱ्या गावाची वाचा मोकळी झाली. तेवढ्यात तेजोधर धापा टाकत आला, "ऐका! हिनेच—"

"ऐकलं रे!" गर्दीतून मार्थाआत्या कडाडली. वर्षभराचं तुंबलेलं होतं तिचं. "आत्ताच सांगितलं तिनं. तुझ्याकडे नवीन काही आहे का?"

नव्हतं. तेवढंच त्याचं शस्त्र, आणि ते पोरीने त्याच्या आधी उचललं होतं. एकेक ओतारी पुढे आला, आपापलं मेण काढत, "हे माझं" म्हणत. तेजोधर एकेका शब्दाने एकेक पाऊल मागे सरला आणि वेशीबाहेर पळाला. लोक त्याला सैतान म्हणतात. अजून येतो अधूनमधून, मेण घेऊन.

युवराज त्याच दिवशी आले. कोणाला बोल लावला नाही. वणांच्या हातांनी भाता ओढायला बसले आणि सगळ्या घंटा पुन्हा वितळल्या.

शांतवन भट्टीपाशी उभा होता. रिबका त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"हात न फिरवता शपथ घेतली," तो म्हणाला. "ते माझं."

मग तिचा हात धरून तो चावडीच्या कट्ट्यावर चढला आणि वर्षभर कोंडलेल्या आवाजात सात गावांना ऐकू जाईल असं ओरडला, "ही माझी लेक आहे हो! ही माझी लेक!"