बिबट्याच्या डोंगरावरची शेळी

"परत येणार नाही, एवढं सांगा. प्रवचन नको."

ढमढेरे बाई शाळेत खो-खो शिकवायच्या. देवापुढंही कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले होते, रिपोर्ट स्वच्छ आला होता. तरी हात सारखा काखेत जायचा, गाठ चाचपायला.

घोंगडेबुवा मठीच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. "येईल की नाही, मला काय ठाऊक?"

"मग लोक एवढा डोंगर चढून येतात कशाला?"

"वारा चांगला असतो इथं."

बाई भडकल्या. "डॉक्टर म्हणतो, तीन महिन्यांनी या. नवऱ्यानं पेढे वाटले. नणंद सांगते, चांगले विचार करा. जणू मी वाईट विचार करून आणला होता तो. आणि शाळा विचारते, पुढच्या वर्षी मुलींचा संघ घेणार ना? पुढच्या वर्षी. कशाच्या जोरावर हो म्हणू?"

मठीमागं बांधलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटी वाजायची थांबली होती. बुवांचा हात शेंगेवर तसाच...

घंटी वाजली. बुवांनी शेंग फोडली.

"काय झालं?"

"मागल्या साली बिबट्यानं शेळी नेली."

(तो बिबट्या एवढा लांब, की खाली ओढ्यावर पाणी पीत होता, तेव्हा त्याचं शेपूट अजून मठीतच होतं. मी पाहिलेलं नाही, पण सगळ्यांना सांगत मीच आलोय.)

"त्याचं पुढं काय झालं?"

"काय व्हायचंय? आहे इथंच."

"म्हणजे तुम्हीही घाबरता."

"रोज."

"कमाल आहे. लोकांना पाया पडू देता, आणि आतून माझ्याइतकेच भित्रे. मग ही दुसरी शेळी आणलीत कशाला?"

"दुधाला."

घंटी पुन्हा थांबली. या वेळी दोघांनीही कान टवकारले...

वाजली.

बुवा उठले. शेळी घेऊन आले आणि दोर बाईंच्या हातात दिला. "धरा. मी अंघोळ करून येतो."

"मी?"

"मुली सांभाळता ना?"

बुवा टाक्याकडं निघाले. तेवढ्यात कुंपणालगतचं झुडूप हललं. बाईंनी दोर मुठीला गुंडाळून खसकन ओढला. शेळी केविलवाणी ओरडली.

बुवांनी वळून पाहिलं.

"बाई, जरा सैल धरा. गाभण आहे ती."