उसना विस्तव

शके अठराशे त्र्याऐंशी. पौष महिना. संक्रांत तोंडावर आली होती. त्या साली थंडी अशी पडली की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब बाहेर येत नसे.

त्या थंडीत डोंगराखालच्या एका गावात एक भोळा माणूस होता. नाव सखाहरी. अंगानं बैल, मनानं वासरू. सांगितलं ते करायचा. सांगितलं नाही ते करायचा नाही. असा माणूस घरात असणं चांगलं. फक्त सांगणाऱ्यानं जपून सांगावं लागतं.

त्याची बायको ठकू. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. पण पोरीनं कोणाची वाट पाहिली नाही. वेळेआधी सासरीच जन्मली. झाली ती केवढी, तर पायलीच्या मापात मावेल एवढी. सुईण म्हणाली, "हिला दोनच औषधं. दूध आणि ऊब. थंडी बाधता कामा नये."

ठकूची आई चिमाबाई धावत आली. कडक बाई. जावयाशी थेट बोलायची तिच्या घराण्यात रीत नव्हती. तिनं लेकीला सांगितलं, पण मोठ्यानं, जावयाला ऐकू जाईल असं.

"ठके, पोरीला तू पाज. अंघोळ, शेक, लाडू मी बघते. खोली ऊबदार ठेवायची, एवढं एकच काम तुझ्या मालकांचं. तेवढंही नाही जमलं, तर तुला आणि पोरीला गाडीत घालून नेईन. मग पाडवा होईपर्यंत परत पाठवायची नाही."

सखाहरीनं पोरीकडे पाहिलं. पोर झाल्यापासून तो तिच्याकडे बघत बसायचा. तिनं जांभई दिली तरी आळीत सांगून यायचा. ती गेली तर त्यानं बघायचं कोणाकडे?

"मामी, शेगडी कधी पेटवायची?" त्यानं विचारलं.

"गारठा पडला की," चिमाबाई भिंतीकडे बघून म्हणाली.

"गारठा पडला हे कसं कळायचं?"

"पाण्यात बोट घालून बघावं. पाणी गार लागलं की समजावं."

सखाहरीनं मान हलवली. गोष्ट मनात पक्की केली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं रांजणात बोट घातलं. पाणी गार होतं. त्यानं शेगडी पेटवली आणि बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवली. थोड्या वेळानं पुन्हा बोट घातलं. पाणी गारच. त्यानं आणखी कोळसे घातले. तिसऱ्यांदा बोट घातलं. तरी गार. त्यानं दुसरी शेगडी आणली.

ठकू ओरडली, "अहो, मी भाजले!"

चिमाबाई धावत आली. बाहेर कडक ऊन, आत भट्टी. तिला जावयाला बोलायचं होतं. पण रीत आड आली. उंबऱ्यावर मांजर बसलं होतं. ती मांजराला बोलली.

"मेल्या, अक्कल कुठं गहाण ठेवलीस? भर दुपारी शेगडी पेटवतोस? रांजणातलं पाणी वैशाखातही गारच असतं. पाणी नाही बघायचं. माणसाचं अंग बघायचं. घाम फुटला की शेगडी बाहेर काढायची!"

सखाहरीला वाईट वाटलं.

"मामी, मांजराला कशाला बोलता? शेगडी मी पेटवली."

"अहो, ते तुम्हालाच आहे," ठकू हळूच म्हणाली.

"असं होय?" सखाहरीनं मान हलवली. गोष्ट मनात पक्की केली.

संध्याकाळी ऊन गेलं. डोंगरावरून वारा सुटला. सखाहरी परसात लाकडं फोडत होता. कुऱ्हाड चालवून चालवून त्याला घाम फुटला. त्यानं कपाळाला हात लावला. हात ओला झाला. तो तसाच खोलीत गेला आणि पेटती शेगडी उचलून अंगणात ठेवली. पुन्हा कुऱ्हाड घेतली. घाम काही थांबेना. शेगडी काही आत जाईना.

दिवेलागणीला चिमाबाई खोलीत आली. पोरीच्या पायांना हात लावला. पाय थंडगार. तिनं पोरीला पदरात घेतलं आणि मांजर शोधलं.

"घाम कोणाचा बघायचा रे, मुडद्या? तुझा? तू काय बाळंतीण आहेस? पोरीकडे बघायचं, पोरीकडे! पोर रडली की समजायचं, ती गारठली!"

मांजर उठून चुलीमागे गेलं. सखाहरीनं मान हलवली. गोष्ट मनात पक्की केली.

सकाळी पोर रडली. तिला भूक लागली होती. पण भुकेचं सखाहरीला कोणी सांगितलं नव्हतं. ठकू मोरीत होती, चिमाबाई ओढ्यावर. सखाहरीनं शेगडीत लाकूड घातलं. लाकूड ओलं होतं. धूर झाला. पोर जास्त रडली. म्हणजे जास्त गारठली. त्यानं आणखी लाकूड घातलं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीत घोंगडी कोंबली. मग ठकू आली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणजे तीही गारठली. त्यानं आणखी लाकूड घातलं. मांजराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी सखाहरीच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

तो म्हणाला, "काय थंडी आहे!" आणि उरलेली मोळी शेगडीत घातली.

ठकू पोरीला घेऊन अंगणात पळाली. चिमाबाई ओले कपडे टाकून आली. घोंगडी ओढून काढली, दार सताड उघडलं. धूर निवळायला वेळ लागला. मांजर घरात नव्हतं. मग ती खांबाला बोलली.

"धूर घालायला पोर म्हणजे काय मधमाशांचं पोळं आहे? बाहेर कोळसे फुलवायचे, धूर गेला की मग शेगडी आत आणायची. आणि जाळ नको. ऊब हवी."

"केवढी ऊब, मामी?" सखाहरीनं विचारलं.

चिमाबाई खांबाला म्हणाली, "खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते ना? तिच्या पोटाखाली असते, तेवढी."

सखाहरीनं मान हलवली. पण त्याच्याकडे कोंबडी नव्हती. कोंबड्या होत्या रंभाजी तात्याकडे.

रंभाजी तात्या शेजारीच राहायचा. दोघांच्या मध्ये एकच मातीची भिंत. अलीकडे सखाहरीची बाळंतिणीची खोली, पलीकडे तात्याचं परस. गावात तात्याएवढा चिक्कू माणूस दुसरा नव्हता. परसात त्या भिंतीला टेकून गोवऱ्यांचा हुडवा रचलेला. पुरुषभर उंच, वरून शेणानं लिंपलेला, खाली गोवऱ्या काढायला एक भोक. पण तात्या त्यातली गोवरी फक्त स्वयंपाकापुरती काढायचा. शेकायला देवळापुढच्या शेकोटीवर जायचा. तिथं लोकांची लाकडं जळायची. तात्या सगळ्यांत आधी येऊन बसायचा आणि सगळ्यांत शेवटी उठायचा.

"तात्या, घटकाभर कोंबडी द्या," सखाहरी म्हणाला.

"ने. दाणे तू घाल," तात्या म्हणाला. त्याला वाटलं, अंगणातली एखादी नेईल.

सखाहरीनं डालग्यात हात घातला आणि खुडूक कोंबडी अंड्यांवरून उचलली. घरी आणून मांडीवर घेतली. एक हात तिच्या पोटाखाली, एक हात शेगडीवर. शेगडी जास्त तापली की राख टाकायचा. कमी झाली की फुंकायचा. कोंबडी त्याला टोचत होती. त्यानं हात काढला नाही.

खोली झाली मात्र झकास. पोर गाढ झोपली. चिमाबाईनं कोंबडी पाहिली, पण पोरीचे पाय चाचपले आणि लाडू वळायला गेली.

संध्याकाळी सखाहरीनं कोंबडी तात्याच्या अंगणात सोडली आणि वळला. तात्या डालग्यापाशी गेला. अंडी गार पडली होती.

"सख्या! इकडं ये! बापानं काही शिकवलं की नाही तुला?" तात्या कडाडला. "उसनं आणलं की जिथून काढलं तिथंच नेऊन ठेवावं. अंगणात टाकून जातोस? आणि परत करताना रिकाम्या हातानं कोणी येतं का? घेतलं त्याच्यावर ओंजळभर जास्त घालावं. अन् मध्ये रात्र पडू देऊ नये. कळलं?"

"कळलं, तात्या. जिथून काढलं तिथंच. वर ओंजळभर. मध्ये रात्र नको." सखाहरीनं मान हलवली. ही गोष्ट त्यानं फारच पक्की केली.

दुसऱ्या दिवशी चिमाबाईच्या गावाहून निरोप आला. तिची म्हैस व्यायला झाली होती. जाणं भाग होतं. गाडीत बसताना ती बैलांना म्हणाली, "उद्या उन्हं वर येईपर्यंत मी येते. शेगडीतले निखारे राखेत झाकून ठेवावेत. झाकलं की टिकतं. मी आले आणि खोली गार असली, तर ह्याच गाडीतून लेक आणि नात घेऊन जाईन. गाडी सोडणारसुद्धा नाही."

बैल निघाले. सखाहरी घरात आला. पोर गाडीत बसून दूर चालली आहे, असं त्याला आताच दिसायला लागलं. निखारे टिकलेच पाहिजेत. त्यानं वर राख घातली. राखेवर माती घातली. मातीवर घागर पालथी घातली. घागरीवर ओलं पोतं टाकलं. मग त्याला काड्यापेटी दिसली. तीही टिकली पाहिजे. त्यानं ती ओल्या पोत्याखाली सारली.

दिवस कलला. त्यानं उघडून पाहिलं. निखारे विझले होते. काड्यापेटीचा लगदा झाला होता.

"अहो, आता काय करायचं?" ठकूनं पोरीला छातीशी धरलं. "चूलही विझली. रात्र कशी काढायची?"

सखाहरी खापर घेऊन तात्याकडे धावला.

"तात्या, विस्तव द्या. पोर गारठेल. मामी तिला घेऊन जातील."

तात्या शेकोटीवर निघाला होता. त्यानं सुस्कारा सोडला. हुडव्याच्या भोकातून एक गोवरी काढली, परत घातली, लहान बघून दुसरी काढली. ती चुलीत धरून पेटवली आणि खापरात ठेवली.

"फुकट नाही हं, सख्या. उसना आहे. परत कसा करायचा ते सांगितलंय ना?"

"सांगितलंय, तात्या."

"शहाणा झालास," तात्या म्हणाला आणि घोंगडं पांघरून लोकांच्या लाकडांना शेकायला गेला.

सखाहरीनं अंगणात कोळसे फुलवले. धूर जाऊ दिला. शेगडी आत आणली. ठकू म्हणाली, "आता बरं वाटलं," आणि पोरीला कुशीत घेऊन झोपी गेली.

पण सूर्य डोंगराला टेकला होता आणि डोक्यावर उसनं होतं. मध्ये रात्र पडता कामा नये. सखाहरीनं पेटती गोवरी खापरात घेतली. वर ओंजळभर निखारे घातले. पोरीसाठी आणलेला विस्तव, हात आखडता कशाला घ्यावा? त्यानं आणखी ओंजळभर घातले. शेगडीत चार निखारे राहिले.

तात्या घरी नव्हता. सखाहरी परसात गेला. जिथून काढलं तिथंच. त्यानं पेटती गोवरी हुडव्याच्या भोकात नीट सरकवली. वरचे निखारे मागोमाग आत लोटले. निघता निघता त्याला चिमाबाईचं बोलणं आठवलं. झाकलं की टिकतं. गोठ्यातलं शेण आणून त्यानं भोक लिंपून टाकलं. नखाएवढी फट तेवढी राहिली.

हात धुऊन तो घरी आला आणि कर्ज फिटलेल्या माणसासारखा झोपला.

सकाळी उन्हं वर आली आणि चिमाबाईची गाडी दारात उभी राहिली. ती उतरली. शेगडीत हात घातला. गार राख. चारी निखारे कधीच विझले होते.

तिनं मांजराला काही म्हटलं नाही. खांबालाही नाही. लेकीला म्हणाली, "ठके, बोचकं बांध."

सखाहरी दारात उभा होता. ठकू रडायला लागली.

चिमाबाईनं नातीला उचललं. गुंडाळायला म्हणून तिचे पाय हातात घेतले आणि थांबली. पाय ऊबदार होते. नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक बारीक थेंब होता. चिमाबाईनं खोलीभर पाहिलं. मांजर भिंतीला पाठ लावून आडवं पसरलं होतं. तिनं भिंतीवर हात ठेवला. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली असते, तेवढी ऊब. तसूभर कमी नाही, जास्त नाही.

तिनं नात परत ठकूच्या कुशीत दिली. बाहेर जाऊन गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं. मग वाटीत दूध घेतलं आणि मांजरापुढे ठेवलं.

"शहाणं आहे हो माझं बाळ," ती मांजराला म्हणाली.

सखाहरीनं ठकूकडे पाहिलं.

"तुम्हालाच आहे," ठकू म्हणाली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बोंब उठली. तात्याची. सगळी आळी परसात धावली. हुडवा रात्रभर आतल्या आत धुमसला होता. लिंपणाला तडे गेले होते आणि प्रत्येक तड्यातून लालभडक दिसत होतं. पाणी मारून उपयोग नव्हता. गोवऱ्यांचे निखारे झाले होते, सगळ्या हिवाळ्याच्या.

"कोणी केलं हे?" तात्या ओरडला. "कोणी केलं?"

"मी केलं, तात्या," सखाहरी पुढे आला. "तुमचा विस्तव परत केला. जिथून काढलात तिथंच ठेवला. वर दोन ओंजळी जास्त घातल्या. मध्ये रात्र पडू दिली नाही. आणि टिकावा म्हणून झाकलासुद्धा."

तात्यानं हुडव्याकडे पाहिलं. वारा बोचरा होता. आळीतली माणसं हुडव्याभोवती गोल करून बसली आणि त्यांनी हात पुढे केले. तात्याचे दात वाजत होते. तो थोडा वेळ उभा राहिला. मग लोकांत जागा करून बसला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या गोवऱ्यांना शेकू लागला.

"फिटलं ना, तात्या?" सखाहरीनं विचारलं.

"फिटलं," तात्या म्हणाला.