कड्याने परत दिलेलं नाव

फार मागे, एका काळ्या कड्यासमोर एक गाव वसलेलं होतं. कडा एवढा उंच, की नवखा माणूस त्याच्याकडे बघता बघता आपोआप मागे सरकायचा.

गावची रीत अशी : कारभारी निवडायचा झाला, की सगळे कड्यासमोर जमत आणि ढोल वाजताच आपापल्या पसंतीचं नाव एकदम पुकारत. कड्यावरून जे नाव घुमून येई, तो कारभारी. लोक म्हणत, "आपण नुसतं ओरडायचं. निवडतो कडाच."

यंदा दोघे उभे होते. तुळाजीने मागच्या खेपेला पूल बांधायचं सांगून बांधला नव्हता. भिवाजीला गावचा एकुलता झरा स्वतःच्या बागेला हवा होता.

एक विणकरीण त्या सकाळी मागावरून उठलीच नाही. शेजारची काकू दारात आली. घसा बसलेला, गळ्याला फडकं गुंडाळलेलं.

"चल गं, ढोल वाजेल आता."

"मी नाही येत, काकू. एक थापाड्या, दुसरा हावरट. कुणासाठी घसा फोडू? आणि एवढ्या कड्याला माझ्या आवाजाचं काय?"

"माझा तर फुटूनच गेलाय, तरी निघालेय," काकू खरखरत हसली आणि गेली.

ढोल वाजला. विणकरीण एवढी दचकली, की हातातला धोटा खाली पडला. कड्यावरून नाव आलं, "भिवाजी…" इतकं बारीक, इतकं विरळ, की तिला वाटलं, अजून काही यायचंय. काहीच आलं नाही. तिने बाहेर डोकावलं, तर अर्ध्या गावाची दारं आतून बंद.

आठवड्याभरात झऱ्याला काटेरी कुंपण पडलं. बायका खोल दरीतून नदीचं पाणी वाहू लागल्या. काकूची घागरही विणकरीणच आणायची. एका भर दुपारी चढणीवर तिचा पाय सटकला, घागर फुटली. रडकुंडीला येऊन ती कड्यावर ओरडली, "झरा का देऊन टाकलास?"

"…का देऊन टाकलास?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कडा तिलाच विचारत होता. नाही, कडा काहीच विचारत नव्हता. त्याच्यापाशी स्वतःचा शब्दच नव्हता. आजवर तो जे बोलला, ते सगळं गावानेच त्याला दिलेलं!

पुढची निवड आली, तेव्हा ती दारोदार गेली.

"अगं, तेच दोघे आहेत," लोक म्हणाले.

"तेच आहेत. पण कुंपण कुणी घातलं, सांगा बरं?"

ढोल वाजला. सगळं गाव ओरडलं. क्षणभर काहीच नाही. मग कडा गरजला, "तुळाजी!" कपारींतले पारवे भर्रकन उडाले, पायाखालची जमीन थरथरली. विणकरणीने घाबरून काकूचा हात घट्ट धरला.

"काकू, हा… हा आपला आवाज?"

 काकूने मान डोलावली.

तुळाजी काही एकाएकी शहाणा झाला नाही. पण त्याच्याही घरी त्याच झऱ्याचं पाणी लागे; कुंपण निघालं. पहिली ओंजळ पिऊन बायकांनी कड्याकडे वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या आपण धनिणी आहोत, याची सवय व्हायला वेळ लागणार होता.

तात्पर्य : मनासारखा कुणी नाही म्हणून आपण गप्प बसलो, तरी निवड थांबत नाही, ती आपल्यावाचून होते, एवढंच.