एक चिंचेखाली, एक टाकीमागे

“आता आणखी काय कमी करू, बाबा? तुम्हीच सांगा.”

सुदाम कारंडे हात जोडून बसला होता. गावात त्याचा चपलांचा कारखाना. नफा वाढवायच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ होत्या, नफा तेवढा होत नव्हता.

टेकडीवरच्या दर्ग्यात गुरुवारची गर्दी होती. मुरादबाबा ओट्यावर बसून खारे शेंगदाणे खात होते.

“काय काय कमी केलंस?”

“चामडं पातळ केलं. शिवण बंद केली, सोल्यूशन लावतो.”

“तुटत आसंल की.”

“तुटायलाच पाहिजे, बाबा! सहा महिन्यांत तुटली की गिऱ्हाईक परत येतं.”

हे तो शहरातल्या एका शिबिरात शिकला होता. दोन दिवसांचं, जेवणासकट.

“मग येतंय न्हवं गिऱ्हाईक?”

“येतं...”

“कुठं?”

“शेजारच्या दुकानात.”

बाबांनी चार शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. सांत्वन म्हणून असावेत.

“चेष्टा नका करू, बाबा. असंच चाललं तर दसऱ्याला कुलूप लावावं लागेल. चौदा कारागीर आहेत. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. त्यांना घरी बसा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

त्याचे डोळे भरून आले. हे मात्र शिबिरात शिकलेलं नव्हतं.

बाबांनी आवारातल्या चिंचेकडे बोट दाखवलं.

“मघाशी तुला बघितलं. एक चप्पल चिंचेखाली ठेवलीस, दुसरी पाण्याच्या टाकीमागं. ते का?”

सुदामला प्रश्नाचं नवल वाटलं. इथे सगळेच तसं करतात. जोडी फोडून ठेवली की चोराला दुसरी सापडत नाही.

“चोरीला जातात ना, बाबा.”

“तुझ्या कारखान्यातल्या हायत?”

सुदाम हातावरचे शेंगदाणे मोजू लागला.

“न्हाईत?”

“अण्णांनी शिवलेल्या. त्यांच्या हातची शेवटची जोडी. अकरा वर्षं झाली.”

“आन कारखान्यातली घालून कधी आलाच न्हाईस?”

“आलो होतो. मागच्या गुरुवारी.”

“ती कुठं ठेवलीस?”

“पायरीवरच. जोडीनं.”

“मग?”

सुदाम खाली बघू लागला.

“चोरानं नेली, बाबा. चार पायऱ्या खाली गेला... आणि तिथंच सोडून गेला.”

बाबांना असं हसू फुटलं की शेंगदाणा घशात अडकला. सुदामने पाणी दिलं, पाठ चोळली. चोळता चोळता तोही हसला, पण अर्धवटच.

“ते राहू द्या. नफ्याचं काय करू, तेवढं सांगा.”

बाबांनी डोळे पुसले.

“दर गुरुवारी कारखान्यातलीच जोडी घालून यायचं. पायरीवर सोडायची. ज्या दिवशी अनवाणी घरी जाशील, त्या दिवशी कारागिरांना पेढे वाट.”