कथेची पहिली अक्षत

आंबेवळण नावाच्या गावात एक कादंबरीकार बाई राहत होती. हो, कादंबरीकारच. कुठल्या गावात पैलवान असतो, कुठल्या गावात वैद्य असतो, तशी आंबेवळणात कादंबरीकार होती आणि गावाला तिचा भारी अभिमान होता. तिचं नाव माणिकताई. दरवर्षी मार्गशीर्षात शेतातली कामं जरा हलकी झाली, की देवळाच्या सभामंडपात रोज दुपारी ती आपली नवी कादंबरी वाचून दाखवायची. बायका हातातलं निवडण-टिपण टाकून यायच्या. पुरुष पान जुळवत खांबाला टेकायचे. कादंबरीतली सून माहेरच्या वाटेला लागली, की बायकांचे पदर डोळ्यांना जायचे आणि पुरुष उगाचच खाकरायचे.

या गावची एक रीत होती. लग्नाची अक्षत देतात तशी वाचनाचीही अक्षत घरोघर द्यायची. पण पहिली अक्षत द्यायची ती ज्या घरातून कथा आली, त्या घराला. घरच्यांनी ती घेतली की वाचायला मोकळीक. परत केली, तर ती कथा मंडपात यायची नाही. आणि पहिल्या दिवशी देवळाचे पंच नाना पुराणिक सगळ्यांसमोर विचारायचे, "यंदा कथा कुठून आली?" त्याचं उत्तर द्यावंच लागायचं.

माणिकताईचं उत्तर ठरलेलं असे. ती बोट वर करायची आणि म्हणायची, "वरून आली, नाना. स्फूर्ती म्हणतात ती हीच. आपण काय, नुसते हमाल." मग पहिली अक्षत ती देवाच्या पायाशी ठेवायची. देव काही अक्षत परत करत नाही! लोकांना हे उत्तर फार आवडायचं. आता खरं सांगायचं, तर माणिकताईची स्फूर्ती यायची ती शेजारणींच्या स्वयंपाकघरातून. एका वर्षी गवळ्याच्या सुनेचं सासूशी झालेलं भांडण शब्दन् शब्द मंडपात वाचलं गेलं. सून चपापली, लाल झाली. पण साक्षात देवानंच दिलंय म्हटल्यावर ती बिचारी काय बोलणार?

असं बरीच वर्षं चाललं. मग काय झालं कोण जाणे, माणिकताईच्या कादंबऱ्या फिक्या पडायला लागल्या. तिनं दर दोन पानांना एक मरण घातलं, नायिकेला ढसाढसा रडवलं, तरी ऐकणाऱ्यांचे डोळे कोरडेच. गेल्या साली तर नायिका शेवटचा श्वास घेत होती आणि मागच्या बाजूला कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. माणिकताईला ती जांभई वर्षभर ऐकू येत राहिली. नानांनीही सौम्यपणे सुचवून पाहिलं, "ताई, यंदा थोडी विश्रांती घ्या. आपण भजनी मंडळ बोलावू." माणिकताई म्हणाली, "मंडप माझा आहे, नाना. यंदा वाचेन ती अशी वाचेन की गाव विसरणार नाही." म्हणाली खरी, पण तिच्याजवळ वाचायला काहीच नव्हतं.

तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. गिरिजा कासारीण, बांगड्या भरणारी. उन्हाळ्यात दोघी माळवदावर कुरडया घालत बसल्या असताना गिरिजेनं कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. गिरिजेच्या नणंदेला मूल नव्हतं. गिरिजेला तिसरी मुलगी झाली, तेव्हा घरातल्यांनी ठरवलं आणि ओली बाळंतीण असतानाच पोर नणंदेच्या ओटीत घातली. त्या पोरीचं नाव मंजुळा. आता ती लग्नाला आली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "सुट्टीला येते," गिरिजा म्हणाली, "निघताना पाया पडते आणि म्हणते, 'मामी, येते हं.' माणिक, त्या एका शब्दानं माझ्या काळजाचं पाणी होतं गं." माणिकताई मैत्रिणीला जवळ घेऊन रडली. अगदी खरं रडली. आणि घरी जाऊन लिहायला बसली.

काय सांगावं! लेखणी थांबेना. पावसाळाभर तिनं लिहिलं. रडायला नायिकेला एकदाही लावलं नाही, कारण गरजच पडली नाही. नाव बदललं, गाव बदललं, बांगड्यांऐवजी फुलांचं दुकान केलं. इतकं चांगलं आपण आजवर लिहिलं नाही, हे तिचं तिला कळत होतं. यंदा कुणाची जांभई देण्याची छाती होणार नव्हती.

वाचन चार दिवसांवर आलं आणि गिरिजा धावतपळत दारात हजर. तोंडावर नुसता आनंद. "अगं, मंजुळा येतेय! खास तुझं वाचन ऐकायला. तुझ्या कादंबऱ्यांची वेडी आहे पोरगी. म्हणते, मामी, मला अगदी पुढे बसव!"

गिरिजा गेल्यावर माणिकताईनं कागद काढले आणि खोडाखोड सुरू केली. नणंदेची जाऊ केली. मामीची काकू केली. मुलीचा मुलगाही करून पाहिला. पण 'मामी, येते हं' काढलं, की कादंबरीतला जीवच जायचा, आणि ठेवलं, की पुढे बसलेली पोर आपल्या आईला ओळखणार. भर मंडपात, शंभर माणसांच्या देखत. कागद तसेच ठेवून माणिकताईनं वाटीत अक्षता घेतल्या. देवळाकडे चार पावलं गेलीही. मग स्वतःवरच चिडली. "देवाला कशाला मध्ये घालतेस? घर कुठलं ते तुला ठाऊक आहे," असं स्वतःशी पुटपुटत ती वळली आणि गिरिजेच्या दारात जाऊन उभी राहिली.

अक्षत पाहून गिरिजा हसली. "माझ्याकडे पहिली? काय गं, माझ्या घरातून कसली कथा?" मग माणिकताईचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"मंजुळेची," माणिकताई म्हणाली.

गिरिजा म्हणाली, "त्या दिवशी मी कुणाला सांगितलं गं? मैत्रिणीला की कादंबरीकाराला?"

"मैत्रिणीला. घरी पोचेपर्यंत मी कादंबरीकार झाले."

"मग ही अक्षत त्या कादंबरीकार बाईंना परत दे," गिरिजा म्हणाली आणि वाटी मागे सारून दार लावून घेतलं.

माणिकताई घरी आली. कागदांचा तो गठ्ठा उचलला आणि तशीच पुन्हा गिरिजेच्या दारात गेली. दार उघडलं नाही, म्हणून उंबऱ्याशी ठेवून मोठ्यानं म्हणाली, "दुसरी प्रत नाही. तुझं आहे, तू ठेव." परत येताना तिला हुंदका आवरेना. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण तिनं दुसऱ्याच्या पायरीवर सोडलं होतं, आणि जिवाची मैत्रीणही तिथेच सुटली होती.

नाना चौकशीला आले. तिचे हात रिकामे पाहून म्हणाले, "मग सांगू का भजनी मंडळाला? स्फूर्ती नाही आली, तर त्यात लाज कसली?"

"स्फूर्ती नाहीच आली," माणिकताई म्हणाली. "तरी बसणार आहे. मंडप मोकळा ठेवा."

ती बसली. एकेक घर डोळ्यांसमोर आणलं आणि एकेक बाजूला सारलं. अमक्याचं? विचारायला हवं. तमक्याचं? तेही विचारायला हवं. करता करता एकच घर उरलं, ज्याचं एक अक्षरही तिनं कधी लिहिलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं. तिचे यजमान फार वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हणून शहरात गेले आणि तिथे त्यांनी दुसरा संसार मांडला. माणिकताई गावाला सांगायची, 'सुट्टी मिळत नाही हो त्यांना.' दर दिवाळीला पहाटे ती त्यांच्या नावानं पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, तेल-उटणं काढून ठेवायची. दुपारी तो पाट आपणच उचलून भिंतीशी उभा करायची. गावाला सगळं ठाऊक होतं. माणिकताईला तेही ठाऊक होतं. तरी शेजारणी विचारायच्या, "यंदाही सुट्टी नाही का?" आणि ती म्हणायची, "कामच फार असतं."

पहिलं वाक्य लिहायला तिची अख्खी सकाळ गेली. लिहायची आणि फाडायची. एकदा नवऱ्याला कादंबरीत मारूनच टाकलं, म्हणजे प्रश्न मिटला! ते पानही तिनं फाडलं. स्फूर्ती म्हणून जी काय असते, ती फिरकली नाही. हात आखडला, डोकं भणभणलं, पण ती उठली नाही. 'लोकांच्या घरात बिनदिक्कत शिरत होतीस ना? आता इथेही शीर,' असं म्हणायची आणि पुन्हा लेखणी उचलायची. वाचनाचा दिवस उजाडला तेव्हा जेमतेम पहिलं प्रकरण झालं होतं. तिनं वाटीतली अक्षत घेतली, आपल्याच उंबऱ्यावर ठेवली, वाकून उचलली आणि कपाळाला लावली.

मंडप भरला होता. पुढे मंजुळा बसली होती. तिच्या शेजारी गिरिजा, मान वळवून. नानांनी रीतीप्रमाणे विचारलं, "यंदा कथा कुठून आली?" आणि लोकांनी सवयीनं वर पाहिलं.

"माझ्या घरातून आली," माणिकताई म्हणाली.

वर गेलेल्या नजरा खाली तिच्यावर आल्या. तिनं वाचायला सुरुवात केली. कादंबरीतली बाई दिवाळीच्या पहाटे पाट मांडते, रांगोळी काढते, उटण्यात दूध कालवते. शेजारीण सुट्टीचं विचारते. बाई कामाचं सांगते. मग पाट उचलते आणि रांगोळी विस्कटली म्हणून पुन्हा नीट करते, उगाच, कुणासाठी नाही. इतकंच होतं. कुणी मेलं नाही, कुणी विहिरीकडे गेलं नाही. वाचताना माणिकताई मध्ये एकदा थांबली. पण तिनं पुढचं वाक्य वाचलं. "एवढंच झालंय," शेवटी ती म्हणाली. "बाकीचं रोज लिहीन तसं वाचेन."

कुणी वाहवा म्हटलं नाही. वर्षानुवर्षं सुट्टीची चौकशी करणाऱ्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी उठली, माणिकताईजवळ आली, तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि निघून गेली. मग दुसरी आली. मग सगळ्याच. माणिकताईला तेव्हा कुठे रडू आलं. गिरिजा मात्र जवळ आली नाही. मंजुळेचा हात धरून ती तरातरा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकताई पुढचं लिहीत होती, तेव्हा गिरिजा आत आली आणि समोर बसली. डोळे सुजलेले.

"सांगितलं मी तिला," ती म्हणाली. "नणंद तर कधीचं म्हणत होती, सांगून टाक. माझीच जीभ उचलत नव्हती. काल तुझी उचलली. मग म्हटलं, आपण कसलं भ्यायचं?"

"काय म्हणाली गं?"

"रडली. मला नाही नाही ते बोलली. तिनं बोलायलाच हवं. मग पहाटे उठून म्हणाली, 'माझे केस विंचरून दे.'" गिरिजेनं डोळे पुसले. "माणिक, तू लिही आमची गोष्ट. माझी ना नाही. पण आता ती एकट्या माझी राहिली नाही. अक्षत घेऊन जायचं, तर मंजुळेकडे जा."

"जाईन," माणिकताई म्हणाली. "पण आधी ही पुरी करते. आजचं प्रकरण दुपारी मंडपात वाचायचं आहे." आणि गिरिजा समोर बसलेली असतानाच तिनं पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

तात्पर्य: आपलं दुःख चार लोकांपुढे मांडायची ज्याची हिंमत होते, त्यालाच दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याचं दुःख मागण्याचा हक्क असतो.